वीतभर अंतरावरचा वाघ

एका जंगलात, मुलांनो, कुणालाच भीती वाटत नव्हती.

भीती वाटावी असं तिथे काही उरलंच नव्हतं. सिंहमहाराजांनी सगळ्या हिंस्र प्राण्यांकडून फळं-कंदमुळं खाण्याची शपथ घेतली होती. लांडगे संध्याकाळी भजनाला बसत. बिबट्या पाणवठ्यावर रांग लावायच्या कामावर होता. हरणं भर दुपारी वाटेच्या मधोमध झोपत आणि कुणी वाट मागितली, तर डोळे न उघडताच "बाजूनं जा" म्हणत.

तुम्ही म्हणाल, मग छानच की! तुम्ही लहान आहात, तुम्हाला असंच वाटणार. पण त्या जंगलात सगळ्यांना दिवसभर जांभया येत होत्या. सशांच्या पायांना पळायची सवय, आणि पळायला कारण नाही. मग ते एकमेकांच्या संसारात नाक खुपसत बसत.

त्या जंगलात सुबराव नावाचं एक मुंगूस राहायचं. घराणं कलावंतांचं. सुबरावाचे आजोबा एका मदाऱ्याकडे नोकरीला होते. मदारी दर बाजाराला ओरडायचा, "आता होणार सापमुंगसाची लढाई!" टोपलीत साप, दोरीला आजोबा. लोक ताटकळत उभे. मदारी मधेच ताईत विकायचा, मधेच टोपलीचं झाकण जरासं उचलायचा. आजोबा शेपटी फुलवायचे, पोरं किंचाळायची, की झाकण पुन्हा बंद. आजोबांनी जन्मात एकही लढाई केली नाही. ते जन्मभर लढाईच्या बेतात होते. तरी बाजार उठल्यावर लोक घरी जाऊन सांगायचे, "काय लढाई झाली म्हणता!"

हे बाळकडू पिऊन सुबराव मोठा झाला होता. जांभया देणारं जंगल पाहून त्याचे पंजे शिवशिवायचे.

आता एक गोष्ट कबूल करतो. सुरुवातीला मी तुम्हाला थोडी थाप मारली. त्या जंगलात एकाला भीती वाटत होती. वाघाला.

वाघाचं नाव आबासाहेब. वय झालेलं, सुळे गेलेले, मिशा तेवढ्या जागेवर. महाराजांचा एक नियम होता: ज्या हिंस्र प्राण्याला काम नाही, त्याची रवानगी शहरातल्या प्राणिसंग्रहालयात. तिथली गाडी अधूनमधून वेशीवर येऊन उभी राहायची. आबासाहेबांचा धाकटा भाऊ असाच गेला होता. त्याचा निरोप घारीबरोबर आला होता, "रोज आंघोळ घालतात. पोरं शेंगदाणे मारतात. दादा, तू येऊ नको."

तेव्हापासून आबासाहेब गाडीच्या चाकांचा आवाज आला की घळीत लपून बसायचे. सुबराव त्यांना तिथेच भेटला.

"आबासाहेब, मी एक खेळ काढतोय. तुम्हाला काम देतो."

"काय करायचं?"

"सगळ्यांच्या मागे लागायचं. पकडायला धावायचं."

आबासाहेबांच्या मिशा उभ्या राहिल्या. "पकडू?"

"नाही. तेवढं सोडून सगळं करायचं. रोज हरायचं."

आबासाहेब दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "लेका सुबराव, माझ्या आज्यानं गवा लोळवलाय. आणि मी सशाच्या मागं पळून हरू?"

"हरायचं, पण सहजासहजी नाही. पकडलंत, तर ससा उद्या यायचा नाही. लांबून सोडून दिलंत, तरी यायचा नाही. पकडता पकडता राहायचं. त्याची शेपटी आणि तुमचा पंजा, मधे वीतभर अंतर. वीतभराहून जास्त नाही, कमी नाही."

"आणि नाही जमलं तर?"

सुबरावाने नुसतं वेशीकडे पाहिलं. लांबून चाकांचा आवाज आला. आबासाहेब म्हणाले, "जमवू."

मग टेकडीवर खेळ उभा राहिला. पायथ्याच्या जांभळीपासून सुरुवात. पुढे करवंदाच्या जाळ्यांमधून वळणावळणाची वाट. मग निसरड्या दगडांचा ओढा. ओढ्यापलीकडे मोकळा माळ, आणि त्या माळावर काहीही नव्हतं. सुबरावाला सगळ्यात जास्त अभिमान त्या माळाचाच होता. जाळ्या आणि ओढा कुणीही बांधील, असं तो मनात म्हणायचा. माळावर त्याने फक्त एक टिटवी ठेवली होती. ती ओरडत असायची, आणि कुणी माळाच्या मध्यावर आलं की एकदम गप्प व्हायची. बस्स. एवढ्यावर भल्याभल्यांचे पाय लटपटत.

माळाच्या टोकाला घळ. घळीत मधाचं पोळं आणि पोळ्यापुढे आबासाहेब. मधाचं बोट चाटायचं आणि खालच्या वडाच्या पारापर्यंत पळत सुटायचं. मागे वाघ.

तालमी बरेच दिवस चालल्या. चितळामागे धावताना आबासाहेबांच्या छातीचा भाता व्हायचा, तेव्हा सुबरावाने त्यांना एक आडवाट काढून दिली. पण खरी पंचाईत कासवाची. कासवामागे वीतभर अंतर राखून धावायचं म्हणजे चेष्टा नाही. आबासाहेब एक पाय उचलायचे, तो हवेतच ठेवून गुरगुरायचे, मग ठेच लागल्यासारखं करायचे, मग उगाच एका झुडपावर झेप घ्यायचे. तोवर कासव चार बोटं पुढे सरकायचं. तालमीसाठी सुबरावाने एक काळा धोंडा आणला होता. धोंडा अजिबात हलत नव्हता, तरी आबासाहेबांनी तो वाचवून दाखवला. तेव्हा सुबरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबा असायला हवे होते, असं त्याला फार वाटलं.

खेळ सुरू झाला आणि जंगल जागं झालं.

हौसाबाई ससे पहिल्याच दिवशी घळीतून सुटल्या त्या पारावर येऊन आदळल्या. कान उलटे, धाप लागलेली, डोळे दिव्यासारखे. "पंजा लागला हो! इथं, शेपटीला वारा लागला!" त्या दिवशी त्यांनी पाणवठ्यावर ही हकिगत इतक्यांना सांगितली की शेवटी पाण्यातले मासे तोंड वर काढून ऐकायला लागले. खंडेराव रानडुक्कर सांगायचा, "मी वळून बघितलं वाघाकडं. म्हटलं, ये." तो वळला नव्हता, डोळे मिटून पळाला होता. तक्रार कार्यालयातले कासवअण्णासुद्धा पारावर पोचले आणि सगळ्यांना म्हणाले, "वेग. शेवटी वेगच कामाला येतो."

सगळे जिंकत. सगळे थोडक्यात जिंकत. सगळ्यांना वाटे, आपणच. आबासाहेबांचं नाव कामकरी प्राण्यांत लागलं आणि ती गाडी त्यांच्यावाचूनच परत जाऊ लागली.

आता यात एकच जण नाखूश होता. सुबराव.

का, विचारा. अहो, सगळे स्वतःचं कौतुक करत होते. कुणी वाघाच्या डरकाळीचं करत होतं. टिटवीलासुद्धा एक चाहती मिळाली होती. पण हे सगळं रचलं कुणी, वीतभर अंतर मोजलं कुणी, याची कुणाला दखलच नाही! सुबराव पाणवठ्यावर जाऊन मुद्दाम खाकरायचा. लोक म्हणायचे, "सरका जरा, हौसाबाई सांगतायत."

थंडीची नुसती चाहूल लागली तसे उत्तरेकडून करकोचेसाहेब आले. करकोचे दरवर्षी तिकडून येतात आणि इकडे उतरल्या उतरल्या "तिकडे असं नसतं" म्हणतात. त्यांच्या स्वागताला आवळीखाली वनभोजन ठेवलं. करकोचेसाहेबांनी खेळ पाहिला होता. एका पायावर उभं राहून ते म्हणाले, "खेळ बरा आहे. पण कासवही जिंकतं आणि चितळही जिंकतं, हे मला समजलं नाही."

सुबरावाने मोहाची दारू घेतली नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याने तसं कारण दिलं. तो पूर्ण शुद्धीवर होता आणि इतके दिवस कौतुकाला भुकेला होता. तो उठला आणि म्हणाला, "ते माझं कौशल्य. आबासाहेब समोरचा बघून धावतात. कासव असलं की हळू, चितळ असलं की जोरात. जो येईल तो वीतभरानंच सुटला पाहिजे, असं मी बसवलंय. शिकवायला किती कष्ट पडले, काय सांगू!"

आणि तो टाळ्यांची वाट पाहत उभा राहिला.

आवळीवरून एक आवळा पडला. तेवढाच आवाज झाला.

मग हौसाबाई म्हणाल्या, "म्हणजे मी पळत नव्हते? मला पळू देत होते?"

"तसं नाही, हौसाबाई..."

"सासूला सांगितलंय मी! सासू पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली! आता काय तोंड दाखवू?" आणि त्या पदराविनाच डोळे पुसू लागल्या.

खंडेराव म्हणाला, "मला वाघानं सोडलं? मला? दया केली माझ्यावर?" कासवअण्णांनी मान आत घेतली आणि जेवण संपेपर्यंत बाहेर काढली नाही.

पलीकडे आबासाहेब पत्रावळीवरचं रताळं तसंच टाकून उठले. जाताना एवढंच म्हणाले, "लेका, हरलो ते मी. मिरवायला उभा राहिलास तू."

सुबराव रात्रभर तळमळला. आपण काय केलं, हे त्याला कळलं. पण आता उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी प्राण्यांनी मागणी केली, वाघाने सगळ्यांमागे सारखंच धावावं. लबाडी नको. सुबराव तोंड चोरत "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? खेळ बंद पडला तर आबासाहेबांची गाडी वेशीवर तयार होती.

आबासाहेब सारखं धावू लागले. चितळं मध चाटून पारावर जाऊन पोचायची, तेव्हा आबासाहेब गुडघ्यावर हात ठेवून उठत असायचे. चितळं म्हणाली, "यात काय मजा?" आणि दुसऱ्या बाजूला कासवअण्णा निघाले, तर पहिल्याच ढांगेत आबासाहेबांचा पाय त्यांच्या पाठीवर पडला. "माफ करा," आबासाहेब म्हणाले. "चालायचंच," कवचातून आवाज आला.

तक्रारी सुरू झाल्या. चितळं म्हणत, सोपं आहे. ससे म्हणत, अवघड आहे. खंडेराव म्हणाला, मला बरोबर जमतं, म्हणजे यात काहीतरी चूक आहे.

करकोचेसाहेब म्हणाले, "तिकडे आम्ही अडचणी काढून टाकतो. अडचण नाही, तर तक्रार नाही."

हे सगळ्यांना पटलं. सुबरावालासुद्धा पटलं असं त्याने दाखवलं. करवंदाच्या जाळ्यांतून सरळ रस्ता काढला. ओढ्याला पायऱ्या केल्या आणि धरायला वेल बांधला. माळावर ती टिटवी गप्प झाली की मुलं घाबरतात, म्हणून टिटवीला सतत ओरडायला सांगितलं. तिचा घसा बसला, मग तिला काढून टाकलं. घळीच्या तोंडावर पाटी आली: "पुढे वाघ आहे. तो आपलाच आहे. घाबरू नये." डरकाळी किती मोठी असावी, यावर हरकती मागवल्या. हरकती ऐकून ऐकून डरकाळीचा खोकला झाला.

शेवटी आबासाहेब घळीच्या बाहेर, उन्हात, गळ्यात झेंडूची माळ घालून बसू लागले. आलेल्याला स्वतःच्या हाताने द्रोणात मध काढून देत. "या. बसा. चढ चढून दमला असाल."

मध तोच होता. पण त्याला चव राहिली नाही असं सगळे म्हणाले. हळूहळू टेकडीवर यायचं सगळ्यांनीच सोडलं. द्रोणांना मुंग्या लागल्या. उन्हाळा लागायच्या आत करकोचेसाहेब "आता सगळं सुरळीत झालं" असं म्हणून उत्तरेला उडून गेले.

पावसाळा असाच गेला. आणि दिवाळीच्या सुमारास महाराजांचा शिपाई, एक भारद्वाज, टेकडीवर आला. "आबासाहेब वाघ कोण? काम काय करता?"

आबासाहेबांनी माळ सारखी केली. "मध देतो."

"कुणाला?"

आबासाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. भारद्वाजाने मान हलवली. "पुनवेला गाडी येईल. तयार राहा."

सुबराव धावत आला तेव्हा आबासाहेब घळीत शांत बसले होते. त्यांनी विचारलं, "ते शेंगदाणे मारतात ना सुबराव, ते सोलून मारतात का रे? मला आता टरफलं फुटत नाहीत."

हे ऐकून सुबराव आल्या पावली वळला. आपल्या एका बढाईपायी हा म्हातारा पिंजऱ्यात जाणार. "मी स्थगिती आणतो," तो म्हणाला. "तक्रार कार्यालयात जातो. तुम्ही कुठं जाऊ नका."

"कुठं जाणार?" आबासाहेब म्हणाले.

तक्रार कार्यालय आमराईत होतं. सुबराव तिथे पोचला आणि थबकला. ही गर्दी! रांग आमराईतून बाहेर पडून ओढ्यापर्यंत गेली होती. ससे होते, चितळं होती, भेकरं होती, खंडेराव तर डबा घेऊन आला होता. जे टेकडीवर जांभया देऊन निघून गेले, ते सगळे इथे होते. आणि एकही जांभई देत नव्हता. सगळ्यांचे कान ताठ, डोळे दिव्यासारखे.

"हौसाबाई, तुम्ही इथं?"

हौसाबाईंनी त्याला खुणेनं गप्प केलं. "थांबा, आत चितळाचा नंबर लागलाय." सगळी रांग श्वास रोखून ऐकत होती. आतून आवाज आला, "उद्या या." सगळी रांग एकदम "अरेरे!" म्हणाली. चितळ बाहेर आलं ते थरथरत. "शेवटच्या खिडकीपर्यंत पोचलो होतो रे!" लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

"तुमची तक्रार काय, हौसाबाई?" सुबरावाने विचारलं.

"वाघ फार घाबरवतो. मागच्या वर्षीची तक्रार आहे."

"पण आता तर तो मध वाढतो!"

"असू द्या. तुम्ही ऐका तर खरं. पहिल्या खिडकीला खार आहे. ती म्हणते, पाऊलखूण उमटवा. उमटवली. पुढच्या खिडकीला मोर. तो म्हणतो, मागच्या पायाची पाहिजे. पुन्हा मागे! पुन्हा पहिल्यापासून! मग परवा सगळं पार करून अण्णांच्या खिडकीला पोचले. अण्णांनी कागद वाचला. इतका सावकाश वाचला, सुबराव, की माझं काळीज तोंडात आलं. मग त्यांनी शिक्का उचलला. शाईत बुडवला. खाली आणला, आणला, आणला..." हौसाबाईंनी पंजाने दाखवलं. "कागद आणि शिक्का, मधे एवढं अंतर. वीतभर! आणि अण्णा म्हणाले, मागचा डावा की मागचा उजवा?"

"मग?"

"मग जेवणाची सुट्टी झाली!" हौसाबाईंच्या मिशा आनंदाने थरथरत होत्या. "घरी जाऊन सासूला सांगितलं. तिला रात्रभर झोप नाही. ती पण उद्या येतेय."

सुबरावाने पाहिलं, कार्यालयाच्या दोन खिडक्यांच्या मधे मोकळं अंगण होतं. त्या अंगणात काहीही नव्हतं. अर्जदार तिथून एकटे चालत जात होते आणि मध्यावर आल्यावर त्यांचे पाय लटपटत होते. असा माळ सुबरावाला टेकडीवर कुठे जमला होता! आणि इथे तो कुणी मुद्दाम रचलाही नव्हता. नुसता आळसाने झाला होता.

तेवढ्यात आतून कासवअण्णांनी जांभई दिली. थंडी आली होती. कासवं थंडीत मातीत शिरून झोपतात. दरवर्षी या दिवसांत कार्यालय बंद पडायचं. पण दरवर्षी रांगेत दोन-चार माकडं असायची. यंदा सगळं जंगल होतं. अण्णा झोपले, की हे सगळं जंगल तक्रारी घेऊन थेट महाराजांच्या गुहेवर जाणार होतं.

सुबरावाने रांग सोडली आणि गुहेकडे धूम ठोकली.

महाराज दुपारची वामकुक्षी घेत होते. सुबरावाने रांगेची लांबी सांगितली तसे ते ताडकन उठून बसले. "सगळे इथं येतील? पण मी त्यांना काय सांगणार?"

"अण्णांच्या जागी आबासाहेबांना बसवा, महाराज."

"वाघाला शिक्का मारता येईल?"

"शिक्का कुणालाही मारता येतो. आबासाहेबांना मारता मारता थांबता येतं."

महाराजांनी मिशा चाटल्या. मग म्हणाले, "गाडी परत पाठवा."

आबासाहेब खिडकीत बसले आणि मुलांनो, जन्मभराची विद्या कामी आली. सुबराव अधूनमधून एखाद्या खिडकीची जागा सुचवायचा, बाकी त्यांना काही सांगावं लागलं नाही. चितळ आलं, की ते ओळखायचे, याला फार लवकर मिळालं तर हा उद्या शिट्ट्या मारत हिंडेल. मग ते त्याला अजून एका खिडकीला पाठवायचे आणि ती खिडकी तोवर दुसरीकडे हलवायचे. एखादी म्हातारी घोरपड आली, की तिच्या पायांत अजून किती दम आहे हे पाहायचे आणि ती "राहू दे मेलं" म्हणून वळणार, तेवढ्यात गुरगुरून विचारायचे, "नाव काय म्हणालात?" ती लगेच परत फिरायची. अर्ज फाडायच्या बेताने पंजा वर न्यायचे आणि नखाने नुसती घडी घालून परत द्यायचे. रोज दिवस मावळताना एखाद्याचा शिक्का पडायचा. सगळी आमराई जल्लोष करायची. उरलेले घरी जाताना म्हणायचे, "आज थोडक्यात हुकलं."

त्या थंडीत करकोचेसाहेब परत आले. रांग पाहून त्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, ते मनाने चांगले होते. त्यांनी महाराजांना सांगितलं, "तिकडे एकच खिडकी असते. अर्ज दिला, शिक्का पडला, घरी." महाराजांना परक्या पाहुण्याला नाही म्हणता येत नसे. एका दिवसापुरती एकच खिडकी ठेवली. खिडकीत स्वतः करकोचेसाहेब.

हौसाबाई पुढे झाल्या. टप्‌ करून शिक्का पडला.

"झालं," करकोचेसाहेब म्हणाले.

"झालं म्हणजे?"

"मंजूर. जा घरी."

"कुठला पाय, ते विचारणार नाही?"

"गरज नाही."

हौसाबाईंनी कागदाकडे पाहिलं. मग रांगेकडे वळून ओरडल्या, "बघा हो! आपल्याला भिकारी समजतायत! हातावर ठेवतात!"

मग जे झालं, तसं त्या जंगलात कधी झालं नव्हतं. ज्या प्राण्यांनी वाघाविरुद्ध कधी पंजा उचलला नाही, त्यांनी आमराईत ठाण मांडलं. "आयता शिक्का नको!" भेकरं भुंकली. खंडेरावाने ती एकुलती एक खिडकी सुळ्यांवर उचलून ओढ्यात फेकली. करकोचेसाहेब थंडी संपायची वाट न पाहता उत्तरेला निघून गेले आणि जाताना वरून ओरडले, "पण अडचण काय आहे तुमची?" ते मात्र कुणाला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खिडक्या परत लागल्या. आबासाहेब आपल्या जागी आले. महाराजांनी खूश होऊन आणखी एक खिडकी मंजूर केली.

हौसाबाईंनी आदल्या दिवशीचा शिक्का ओढ्यावर घासून घासून काढला आणि पुन्हा पहिल्यापासून रांगेत लागल्या. आणि एका संध्याकाळी आबासाहेबांचा शिक्का खाली आला, थबकला, हौसाबाईंनी डोळे मिटले, आणि तो खरोखर कागदावर पडला. हुकूम असा होता, की टेकडीवरच्या खेळातला वाघ फार घाबरवतो, सबब तो वाघ खेळातून काढून टाकण्यात येत आहे. खाली सही, आबासाहेब वाघ.

हौसाबाई कागद छातीशी धरून बाहेर आल्या. सासू बाहेर उभी होती. तिने सगळ्यांदेखत सुनेच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

सुबराव आंब्याखाली बसला होता. आजही त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. हौसाबाई मात्र थांबल्या. त्यांचे कान जरा खाली आले. हळूच म्हणाल्या, "सुबराव, खरं सांगा. त्यांनी मुद्दाम तर मारला नाही ना? आधीसारखं?"

सुबरावाने खिडकीकडे पाहिलं. आबासाहेब शिक्क्याची शाई पुसत होते, पण हात थांबला होता. कान इकडेच होते.

आतून किती उमाळे आले, ते सुबरावालाच ठाऊक. किती दिवस निरीक्षण केलं, खिडक्यांची जागा कुणी सुचवली, आज संध्याकाळचीच वेळ का निवडली, सगळं जिभेवर आलं. त्याने ते गिळलं.

"मुद्दाम?" तो म्हणाला. "बाई, तो वाघ आहे."

हौसाबाईंचे कान ताठ झाले. त्या उड्या मारत गेल्या. आणि खिडकीतून, कित्येक दिवसांनी, एक खरी डरकाळी ऐकू आली. रांगेतली सगळी पोरं किंचाळली आणि एक पाऊल पुढे सरकली.

तर मुलांनो, झोपण्यापूर्वी हे तात्पर्य पाठ करा: प्रजेचे खेळ सोपे असावेत आणि कचेऱ्या अवघड. दोन्ही अवघड केली, तर प्रजा बंड करते. दोन्ही सोपी केली, तर प्रजेला वेळ उरतो, आणि मग ती महाराज दिवसभर काय करतात ते बघायला येते.